हवा दिल्याची वही

आमच्या घरात खोटं बोललेलं एकवेळ चालायचं, खोटं लिहिलेलं मुळीच चालायचं नाही. हा नियम बाबांचा. पोटदुखीचं नाटक करून मी शाळेला दांडी मारली तर ते हसून सोडून द्यायचे, पण त्यासाठी लागणाऱ्या चिठ्ठीवर सही करायचे नाहीत. "पोट दुखत नव्हतं, अंथरुणातून उठावंसं वाटलं नाही, असं लिही. लगेच सही करतो," म्हणायचे. एकदा मी रागाने तसंच लिहिलं आणि त्यांनी खरंच सही केली. बाईंनी ती चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. मी सातवीत होते. तो अपमान मला पुढे बरीच वर्षं पुरला.

बाबा विमानाचे मिस्त्री होते. असं सांगितलं की लोकांना वाटायचं, इंजिनाचं काहीतरी करत असतील. बाबांचं काम लाकडाचं आणि कापडाचं. जुन्या काळच्या लहान विमानांचा सांगाडा लाकडी असायचा आणि त्यावर कापड ताणून, शिवून, वर घट्ट करणारं रोगण लावलेलं असायचं. अशा विमानांची दुरुस्ती करणारी जी थोडी माणसं जुहूच्या धावपट्टीच्या कडेला उरली होती, त्यांतले एक बाबा. अर्धे सुतार, अर्धे शिंपी. काम झालं की लॉगबुकात नोंद करायची आणि खाली सही ठोकायची. त्या सहीच्या भरवशावर दुसरा कोणीतरी माणूस वर आकाशात जाणार, म्हणून ते लिहिण्याला एवढे जपत. नोंद चुकली तरी खोडायची नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि मग त्याखाली खरं काय ते लिहून पुन्हा सही. माझ्या शाळेच्या वह्यांतही ते मला खोडरबर वापरू देत नसत.

माझं आणि त्यांचं फार जमायचं असं नाही. मी तापट, ते थंड. आईच्या म्हणण्याप्रमाणे दोघांचा हट्ट मात्र एकाच कंपनीचा होता.

आता एका विमानाबद्दल. ते मी पहिल्यांदा हँगरमध्ये पाहिलं तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. दोन इंजिनं, एकावर एक असे दोन्हीकडे दोन-दोन पंख, आणि मधे निमुळतं अंग. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सौराष्ट्रातल्या कुठल्याशा लहान संस्थानाच्या राजाने ते इंग्लंडातून खास बनवून घेतलं होतं. दहा माणसं मावतील एवढ्या जागेत पाचच खुर्च्या. गर्द हिरवं चामडं, शिसवी फळ्या, चांदीचे पेले न हलता बसावेत म्हणून केलेल्या खाचा, राणीच्या खुर्चीशेजारी पानाच्या डब्यासाठी कोनाडा. आणि मधोमध पितळी दांडीवर सरकणारा पडदा, कारण राणी पडद्यात असे.

"एवढ्या उंचावर तिला कोण बघणार होतं?" मी विचारलं.

"वैमानिक," बाबा म्हणाले.

लढाईत सरकारने ते विमान नेलं आणि मातकट रंग फासून वापरलं. परत आलं तेव्हा संस्थानच राहिलं नव्हतं. मग ते हातोहात फिरलं. त्यातून वर्तमानपत्रांचे गठ्ठे गेले, निवडणुकीची पत्रकं खाली उधळली गेली, एकदा एका सिनेमावाल्याने त्यात नायिकेला बसवलं. पेले कोणी पळवले ते कळलं नाही. या घडणीची तीनच विमानं झाली होती म्हणे. एक समुद्रात गेलं, एक विलायतेत जळालं आणि हे तेवढं उरलं. बाबा उमेदवारीला लागले तेव्हा पहिलं मोठं काम त्यांनी याच पंखांवर केलं होतं. मेणात घोळवलेल्या दोऱ्याने एकेका फासळीला कापड शिवत त्यांनी चार पंख पुरे केले. शेवटी ते विमान एका निवृत्त वैमानिकाने घेतलं. सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणत. एकदा, निदान एकदा, ते पुन्हा उडवायचं एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि बाबांच्याही.

नव्वदच्या आगेमागे तो हँगर रिकामा करायची वेळ आली. भंगारवाला दोनदा येऊन नजर टाकून गेला. कॅप्टनसाहेब राहायचे दादरला, तिसऱ्या मजल्यावर. बाबांची अवस्था अशी की नुकताच वसईत माणिकपूरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलेला, त्यात शिवणाचं मशीन ठेवायचं तर माझा पलंग हलवावा लागे. तेव्हा हँगरमध्ये बाबांच्या हाताखाली वीस वर्षं काम करून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुढे आले. ते वसईजवळच्या भुईगावचे, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातले. मी त्यांना काका म्हणायचे. "माझ्या वाडीत आणा, मिस्त्री," ते बाबांना म्हणाले. "केळी तर गेलीच आहेत. जागा ओस पडलीय."

पंख सोडवून, अंग वेगळं करून दोन ट्रक भरून विमान वसईला आलं. माणिकपूरच्या नाक्यावर रिक्षावाले रिक्षा थांबवून बघत होते. एकाने विचारलं, कुणाची वरात आहे. आईने मागून मला हळूच सांगितलं, "तुझ्या बापाची."

भुईगावात काकांची वाडी म्हणजे एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं लहान तळं, वाडीला शिंपायला पूर्वजांनी खणलेलं. विमानाचं अंग घराजवळच्या पत्र्याच्या मांडवात ठेवलं. मांडव तिन्ही बाजूंनी उघडा, समुद्रावरचा वारा आरपार जायचा. एका महिन्याच्या आत राणीच्या खुर्चीत काकांची कोंबडी अंडी घालू लागली. बाबांनी तिला चारदा उठवलं, पाचव्यांदा सोडून दिलं.

पंखांचा प्रश्न कठीण होता. ते लांब, नाजूक, आणि उघड्यावर ठेवता येणार नाहीत. काकांकडे बावखलाच्या काठी केळी पिकवायची एक जुनी खोली होती. तिला ते भट्टी म्हणत. जाड भिंती, एकच दार, खिडकी नाही, उंदराला शिरायला बोटभर फट नाही. कच्चे घड आत रचायचे, धुरी द्यायची आणि दार लिंपून घ्यायचं. काकांच्या आजोबांपासून या खोलीत ठेवलेली वस्तू बिघडली नव्हती, आणि त्याचं कारण काकांच्या मते एकच, आत वारा जात नाही.

बाबांचं शास्त्र बरोबर उलटं. त्या काळच्या विमानांचं लाकूड ज्या सरसाने चिकटवत तो दुधापासून केलेला असे. "दूध नासतं तसा तोही नासतो," बाबा म्हणायचे. "कोंडलेली दमट हवा मिळाली की बुरशी धरते आणि सांधा आतल्या आत सुटतो. वरून काही दिसत नाही." शेवटी तोड निघाली. पंख भट्टीतच ठेवायचे, पण विटांवर फळ्या टाकून, एकमेकांपासून सुटे, आणि दर रविवारी दार सताड उघडून दोन-तीन तास हवा द्यायची. पावसाळ्यात तर चुकवायचंच नाही, उघडीप बघून द्यायची. काकांना ते पटलं नव्हतं. त्यांच्यात भट्टीचं दार मधेच उघडणं म्हणजे घड कच्चे ठेवणं. पण मिस्त्रीचा शब्द म्हणून ते गप्प बसले.

तीन वर्षं बाबांनी एक रविवार सोडला नाही. सकाळी एसटीने भुईगाव, आधी दार उघडायचं, मग पंखांवर बोटाच्या पेराने टक टक करत जायचं, नारळ वाजवून बघतात तसं. सांधा घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो, सुटला असेल तर बसका. दुपारी घरी आले की कपड्यांना रोगणाचा वास. सुरुवातीला मला गंमत वाटायची. नंतर नाही. कॉलेजात कोणी विचारलं की वडील काय करतात, तर मी "सुतारकाम" एवढंच सांगायचे, कारण विमान म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा आणि मग कोंबडीपर्यंत सगळं सांगावं लागायचं.

चौथ्या वर्षी बाबांना दक्षिणेतल्या एका लहान विमानतळावर काम मिळालं. मेअखेरीस जायचं, दिवाळीआधी परत. म्हणजे अख्खा पावसाळा. जाण्याआधी त्यांनी मला भट्टीची किल्ली दिली आणि एक दोनशे पानी वही. पट्टीने आखून रकाने पाडले होते. वार, किती वेळ हवा दिली, वास, कापडाला हात लावल्यावर ओल लागते का, शेरा.

"काकांना सांगा ना," मी म्हटलं.

"त्यांचा हात दाराला लागायचा नाही. त्यांची चूक नाही, सवय आहे. तू जा. दोन तास तर बसायचं आहे. अभ्यासाचं पुस्तक ने."

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजच्या एकांकिकेत मला नुकतंच मुख्य काम मिळालं होतं, आणि तालमी रविवारी सकाळी. हे मी बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काही व्यवस्था केली असती, हे मला आज कळतं. पण तेव्हा मला वाटलं, माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम आणि हे मला एका भंगाराच्या पहाऱ्याला बसवतात. रागाने मी किल्ली घेतली.

जूनमध्ये मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा बारीक पाऊस लागला होता. बावखल काठोकाठ भरलं होतं, भट्टीच्या पायरीला पाणी टेकलं होतं. काका छत्री घेऊन मागून आले.

"कशाला उघडतेस पोरी?" ते म्हणाले. "बाहेर एवढी ओल, ती आपणच आत घालायची का? आतली हवा कोरडी आहे, ती कोंडून राहू दे. माझ्या आज्याने पावसात कधी हे दार उघडलं नाही."

"बाबा म्हणाले होते."

"तुझे बाबा कारागीर. लाकडाचं त्यांना कळतं. पण ही खोली आमची. तू जा घरी, मी आहे इथे."

काका मनापासून बोलत होते. पन्नास वर्षं त्या खोलीने त्यांना जे शिकवलं तेच ते मला सांगत होते. पण मी परत फिरले ते त्यांचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. मला परत फिरायचंच होतं, आणि आयतं निमित्त सापडलं. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. मी किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली, परतीची एसटी पकडली आणि तालमीला अर्धा तास उशिरा पोचले. पुन्हा त्या पावसाळ्यात मी भुईगावला गेले नाही.

बाबांचा फोन रविवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे यायचा. आई बोलून झाली की मला बोलवायचे.

"दिली का हवा?"

"दिली."

"वास?"

"नाही."

हे बोलणं होतं, आणि बोललेल्या खोट्याला आमच्या घरात माफी होती. मी मनाशी असा हिशेब मांडला होता खरा. एकांकिकेला बक्षीस मिळालं, माझा फोटो कॉलेजच्या फळ्यावर लागला, आणि त्या आठवड्यात तर मी वहीचा विचारही केला नाही.

ऑक्टोबरात बाबा सोमवारी येणार असं कळलं. शनिवारी दुपारी मी वही काढली आणि एका बैठकीत अठरा रविवार लिहिले. तीन पेनं वापरली. दोन पानांना मुद्दाम मळके अंगठे लावले. सगळीकडे एकच लिहिलं तर संशय येईल म्हणून एके ठिकाणी लिहिलं, "तिसऱ्या पंखाला हलका वास. हवा दिल्यावर गेला." या वाक्यावर मी खूष होते. नाटकात काम करणारी पोर, तिला खरं वाटेल असं लिहिता येणारच.

बाबा आले आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन भुईगावला गेले. कुलूप गंजलं होतं. त्यांनी त्यात तेल सोडलं. दार उघडलं आणि वास बाहेर आला. नासलेल्या दुधाचा, आंबूस. मी दोन पावलं मागे सरले. बाबा आत गेले. कापडावर काळे ठिपके पसरले होते, पण तेवढ्याने ते घाबरले नसते, कापड नवं शिवता येतं. ते पहिल्या पंखाशी वाकले आणि पेराने वाजवू लागले.

आवाज बसका आला.

त्यांनी चारही पंख टोकापासून टोकापर्यंत वाजवले. मधेच एखादा खणखणीत आवाज आला की थांबायचे, पुन्हा तिथेच वाजवून बघायचे आणि पुढे सरकायचे. दुपार झाली. काकांच्या घरून भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण आलं, कोणी खाल्लं नाही. शेवटी बाबांनी एका फासळीला बोटाने थोडं ढकललं आणि ती जागची हलली. त्यांनी ती परत नीट बसवली, जणू त्याने काही होणार होतं. मी दाराशी उभी होते.

काका आले. ते बाबांकडे न बघता बावखलाकडे बघत होते.

"पोर येत होती ना?" बाबांनी विचारलं.

"येत होती की," काका म्हणाले. "दोनदा तर मी स्वतः पाहिली."

"दोनदा," बाबा म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे वही मागितली. बावखलाच्या काठी उभं राहून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं वाचली. मला वाटत होतं, आता ओरडतील, आता थोबाडीत बसेल, आणि तसं झालं असतं तर मी सगळं सांगून मोकळी झाले असते. त्यांनी वही मिटली.

"अक्षर छान आहे तुझं," म्हणाले, आणि वही पिशवीत टाकली.

त्यांना कळलं की नाही, हे मी पुढे कित्येक वर्षं मलाच विचारत राहिले. खरं तर कळलं असणार हे मला माहीत होतं. पण त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही, आणि एकदा गेलेली वेळ पुन्हा आणायची कशी हे मला येईना.

पुढच्या रविवारी कॅप्टनसाहेब आले. तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. बाबांनी त्यांना मांडवात नेलं, कोंबडीला उठवून राणीच्या खुर्चीत बसवलं आणि समोर उभं राहून सांगितलं, "साहेब, पंख गेले. माझी चूक झाली. मी इथे नव्हतो आणि असायला हवं होतं." मी तिथेच होते, हातात चहाचा ट्रे घेऊन. कॅप्टनसाहेब बराच वेळ पितळी दांडीवरून बोट फिरवत बसले.

"नवे करता येतील?" त्यांनी विचारलं.

"येतील. पण चार-पाच वर्षं लागतील."

"तेवढी माझ्याकडे नाहीत, मिस्त्री." ते रागाने म्हणाले नाहीत. चहा पिऊन गेले आणि पुन्हा भुईगावला आले नाहीत. दोन वर्षांनी ते वारले.

मला वाटलं होतं, बाबा थोडे दिवस गप्प राहतील आणि मग होईल सगळं पहिल्यासारखं. तसं झालं नाही. त्या वर्षी त्यांच्या लायसन्सचं नूतनीकरण होतं, त्यांनी अर्जच केला नाही. "ज्याला ठेवलेले पंख सांभाळता आले नाहीत त्याने दुसऱ्याच्या पंखांवर सही कशाला करायची," एवढंच आईला म्हणाले. वसईतल्याच एका कारखान्यात ते स्वयंपाकघराच्या ओट्याखालची कपाटं बनवायला लागले. दिवसभर प्लायवूडवर सनमायका चिकटवायचा. त्या कामाला लॉगबुक नव्हतं. ज्या माणसाने फासळ्यांना कापड शिवलं तो माणूस मापाच्या पट्ट्या कापताना मी बघत होते आणि रोज ठरवत होते, आज सांगू. मग माझं लग्न झालं, मी विरारला गेले, मुलगी झाली. सांगायला कधीच चांगला दिवस नसतो.

दोन हजार सालानंतर कधीतरी कॅप्टनसाहेबांच्या मुलाने ते विमान पुण्याच्या पलीकडच्या एका संग्राहकाला दिलं. जुन्या मोटारी आणि विमानं जमवणारा माणूस. ट्रक आला तेव्हा बाबांनी अंग बांधून दिलं, निरुपयोगी झालेले पंखसुद्धा दिले, "मापं घ्यायला लागतील" म्हणून. विमानाचे सगळे कागद एका पत्र्याच्या पेटीत घालून तीही दिली. काकांनी ट्रकमागे फाटकापर्यंत चालत जाऊन क्रूसाची खूण केली. वाऱ्यावर, उघड्या मांडवात दहा वर्षं राहिलेलं ते अंग जवळजवळ जसंच्या तसं होतं. शिसवी फळ्यांना पॉलिश केलं असतं तर राणी पुन्हा बसली असती. काका ते बघत राहिले होते, आणि जाताना मला हळूच म्हणाले, "उघड्यावरचं राहिलं गं."

बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं होतं, तेव्हा वर्तमानपत्रात त्या विमानाचा फोटो आला. चारही पंखांसकट. मी घरी काही न सांगता एकटी त्या संग्राहकाकडे गेले.

शेड मोठी, स्वच्छ. विमान मधोमध होतं आणि त्याला नवा रुपेरी रंग दिला होता. आत हिरवं चामडं, नवा पडदा. मी पंखाशी गेले आणि सवयीने पेराने वाजवलं. खणखणीत. "बाई, हात लावू नका," मागून कोणीतरी म्हणालं. ते तिथले मिस्त्री होते, साठीचे, कानामागे पेन्सिल. माफी मागून मी बाजूला झाले आणि समोर लावलेली पाटी वाचली. विमानाचा सगळा इतिहास होता, राजा, लढाई, सिनेमा. खाली लिहिलं होतं, मूळ पंख वसई येथे साठवणीत असताना देखरेख करणाऱ्या कारागिराच्या हलगर्जीपणामुळे नष्ट झाले. सध्याचे पंख नवे आहेत.

मी ते वाक्य तीन-चार वेळा वाचलं. नाव नव्हतं, तरी मला वाटलं, बाबांचं नाव तिथे मोठ्या अक्षरात आहे.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "हलगर्जीपणा म्हणून?"

"त्यांनीच," ते म्हणाले. "लिहूनच दिलंय." त्यांनी काचेच्या कपाटाचं कुलूप काढून एक वही बाहेर घेतली. मी ती लांबूनच ओळखली. त्यांनी शेवटचं पान उघडलं. बाबांचं तिरपं अक्षर, लाल शाई. "मागील नोंदी धरू नयेत. पावसाळाभर खोली बंद होती. पंखांची जबाबदारी माझी होती, ती मी पार पाडली नाही." खाली सही आणि लायसन्सचा नंबर. त्यांनी केलेली ती शेवटची सही असावी.

मी मागची पानं चाळायला मागितली. माझ्या प्रत्येक रविवारावर लाल शाईची एकच आडवी रेघ होती. सरळ, पट्टीने मारलेली. खालचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. तिसऱ्या पंखाचा हलका वास, हवा दिल्यावर गेला. म्हणजे बावखलाच्या काठी वही मिटल्यावर कधीतरी, घरात मी शेजारच्या खोलीत असताना, ते पट्टी घेऊन बसले होते. लॉगबुकातलं खोटं त्यांनी दुरुस्त केलं होतं. ते कुणाचं, एवढंच लिहिलं नव्हतं.

मला तिथेच रडू आलं. मिस्त्रींनी स्टूल पुढे केलं आणि पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "एक कोडं आहे यात. वरच्या नोंदींचं अक्षर त्यांचं नाही. कुणीतरी दुसऱ्याने लिहिलंय. कोण होतं ते काही आम्हाला कळलं नाही."

मी म्हटलं, "मी होते. ते माझे वडील."

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग वहीकडे. समजूत घालणारं काही बोलतील असं वाटलं, पण तेही त्याच धंद्यातले होते. त्यांनी वही माझ्यासमोर बाकावर ठेवली, खिशातलं पेन काढून दिलं आणि म्हणाले, "मग नोंद अपुरी आहे. खाली जागा आहे."

मी बाबांच्या ओळींवर रेघ मारली नाही. खाली लिहिलं, "पंखांना हवा देण्याचं काम माझ्याकडे होतं. दार मी उघडलं नाही. वरच्या खोट्या नोंदी माझ्या आहेत. वडिलांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं नाही." अक्षर अगदी वाईट आलं. तारीख घातली आणि बाबांच्या सहीखाली सही केली.